चाकं आधी, पेटी नंतर : घरी रेल्वेचे डबे बांधणाऱ्यांचे प्रश्न

या महिन्यातली बहुतेक पत्रं एचओ मापातल्या, म्हणजे १:८७ मापाच्या भारतीय प्रवासी डब्यांबद्दल आहेत. उत्तरांआधी शब्दाचा एक खुलासा. बोलताना आपण अख्ख्या डब्यालाच ‘बोगी’ म्हणतो. या पानांवर बोगी म्हणजे डब्याखालची चार चाकांची गाडी. आयसीएफ म्हणजे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या जुन्या घडणीचा डबा, एलएचबी म्हणजे त्यानंतर आलेला जर्मन घडणीचा.

प्रश्न : आयसीएफ डबा १:८७ मध्ये करायचा आहे. लांबी कुठे २१.३ मीटर दिलेली आहे, कुठे २२.३ मीटर. खरी कुठली? आणि आपल्या ब्रॉडगेजसाठी १६.५ मि.मी.चा तयार रूळ चालेल का? (वाचक, डोंबिवली)

दोन्ही खऱ्या. २१,३३७ मि.मी. ही पेटीची लांबी आणि २२,२९७ मि.मी. ही बफरच्या, म्हणजे डब्याच्या टोकांना धक्का झेलणाऱ्या खुंटांच्या, टोकापासून टोकापर्यंतची. पेटी कापताना पहिलं माप घ्यायचं. ८७ ने भागून आयसीएफची मापं अशी निघतात : पेटी २४५ मि.मी., रुंदी ३७.३ (मूळ ३,२४५), रुळापासून छतापर्यंत उंची ४६.३ (मूळ ४,०२५), दोन बोगींच्या मध्यबिंदूंमधलं अंतर १७० (मूळ १४,७८३), एका बोगीतल्या दोन आसांमधलं अंतर ३३.३ (मूळ २,८९६). एलएचबी करायचा असेल तर पेटी २७०.६, रुंदी ३७.२, बोगींचं अंतर १७१.३, आसांचं अंतर २९.४. म्हणजे एलएचबी डबा २५ मि.मी.नी लांब आहे, पण बोगी जवळपास त्याच जागी. वाढलेली सगळी लांबी दोन्ही टोकांना बोगीच्या बाहेर लोंबते. वळणावर याचा काय त्रास होतो ते पुढे नागपूरच्या पत्रात आलं आहे.

पेटीच्या लांबीत अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. बोगीचं भोक मात्र मधल्या रेषेपासून अर्धा मिलिमीटर बाजूला गेलं की डबा कायम एका अंगाने चालतो. तेव्हा काटेकोरपणा तिथे खर्च करा.

नवं चाक ९१५ मि.मी.चं असतं, म्हणजे मापात १०.५. अमेरिकी मापाचं ‘३६ इंची’ एचओ चाक म्हणजे ९१४ मि.मी., तेव्हा ते डोळे झाकून घ्यावं. ‘३३ इंची’ मिळालं तर तेही चालेल. ते ९.६ मि.मी.चं असतं आणि आयसीएफचं चाक झिजत झिजत ८२५ मि.मी.पर्यंत, म्हणजे मापात साडेनऊपर्यंत वापरतात. चाक जुनं आहे असं समजायचं.

आता गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. १,६७६ मि.मी. भागिले ८७ म्हणजे १९.२६ मि.मी. तयार रूळ १६.५ चा, तेव्हा पावणेतीन मि.मी. कमी पडतात. हे फक्त डब्याकडे समोरून पाहिलं तरच कळतं. १९.३ चा रूळ करायचा तर रूळ, सांधे, काटे, चाकांचे आस, इंजिनाची चाकं, सगळंच हाताने करावं लागेल. काचेच्या पेटीत एकच डबा ठेवायचा असेल तर हौसेने करा. चालवायचा असेल तर १६.५ वर समाधान माना. चाकं आत गेल्यासारखी दिसू नयेत म्हणून बोगीची दिखाऊ बाजू मूळ चौकटीवर १ मि.मी.ची पट्टी देऊन बाहेर चिकटवता येते.

एक चूक मात्र हमखास होते. ब्रिटिश ‘डबल ओ’ मालही १६.५ च्याच रुळावर चालतो, पण तो १:७६ चा असतो. त्या मापाच्या इंजिनामागे १:८७ चा डबा जोडला की डबा वासरासारखा दिसतो.

प्रश्न : माझ्याकडे डबल ओ मापाचे दोन जुने ब्रिटिश ‘मार्क वन’ डबे पडून आहेत. त्यांचे आयसीएफ करता येतील का? (वाचक, ठाणे)

पेटीचा उपयोग नाही, खालचा भाग मात्र सोन्यासारखा आहे. १:७६ मधल्या लांब मार्क वनचा सांगाडा सुमारे २५४ मि.मी. भरतो, तुम्हाला २४५ हवा. बोगींचं अंतर १८६ आहे, हवं १७०. बोगीतल्या आसांचं अंतर मात्र ३४ आहे, हवं ३३.३. हा फरक डोळ्यांना दिसत नाही. माप दोन्हींचं वेगळं असूनही आकडे जुळतात, ही कामाची गंमत.

पेटी उतरवा. सांगाड्याचा बरोबर मध्य काढून तिथे टोकदार सुईने खूण करा. पुढची सगळी मापं त्या खुणेपासूनच घ्यायची, टोकापासून नाही, कारण टोकं कापली जाणार आहेत. दोन्ही टोकांचे साडेचार-साडेचार मि.मी. करवतीने कापा. बोगीचं जुनं भोक प्लास्टिकच्या तुकड्याने बुजवा आणि मध्यापासून ८५ मि.मी.वर नवं भोक पाडा. जुनं भोक ९३ वर होतं, म्हणजे नवं फक्त ८ मि.मी. आत येतं. इतक्या जवळच्या दोन भोकांमधलं प्लास्टिक बारीक राहतं आणि स्क्रू पिळताना फुटतं. वरून १ मि.मी. जाडीचा, २० बाय २० चा तुकडा चिकटवून मगच ड्रिल लावा. तळाखालच्या तिरक्या कैच्या काढून टाका. आयसीएफ डब्यात पेटीच भार घेते, त्याला खालून कैची नसते. त्याऐवजी बॅटरीची पेटी, अल्टरनेटर आणि ब्रेकचे सिलिंडर फोटो पाहून बसवा.

बोगींना १४ मि.मी.ची चाकं असतील. ती काढून १०.५ ची घातली की आस पावणेदोन मि.मी. खाली येतो आणि त्याबरोबर सगळा डबा बसतो. बोगी आणि तळ यांच्यामध्ये तेवढ्या जाडीचं वॉशर टाका. वॉशर रुंद असू द्या, ८ मि.मी. तरी. बारीक वॉशरवर डबा डुलतो. नव्या चाकांचा आस जुन्याइतकाच लांब आहे ना ते व्हर्निअरने मोजून घ्या. आखूड आस टोकावर नुसता लटकतो, लांब आस चौकट फाकवतो आणि चाक फिरत नाही.

बफरही बदलावे लागतील. आपल्याकडे दोन बफरच्या मध्यांमधलं अंतर १,९५६ मि.मी. आहे, मापात साडेबावीस. उंची रुळापासून १,१०५ मि.मी., म्हणजे १२.७.

प्रश्न : प्लास्टिक शीटची बाजू कापून, दोन थर चिकटवून डबा उभा केला. तेव्हा सरळ होता. तीन महिन्यांनी दोन्ही बाजू मधोमध आत ओढल्या गेल्या, वरून पाहिलं तर कंबर दिसते. काय चुकलं? (वाचक, नाशिक)

चूक तीन महिन्यांपूर्वीची आहे, दिसली आत्ता. पॉलिस्टायरिन शीट चिकटवायचं द्रव म्हणजे डिंक नव्हे, ते प्लास्टिक विरघळवणारं रसायन आहे. दोन मोठ्या पृष्ठभागांच्या मध्ये ते भरपूर लावलं की उडून जायला वाट राहत नाही. ते आठवडेच्या आठवडे आत मुरतं, प्लास्टिक मऊ ठेवतं आणि सावकाश बाहेर पडताना थर आकसतो. बाहेर ०.५ आणि आत १ मि.मी. अशा वेगळ्या जाडीचे थर असतील तर दोन्ही सारखे आकसत नाहीत आणि बाजू वाकते.

नव्या डब्यासाठी असं करा. आतल्या थराला खिडक्यांच्या खालच्या पट्टीत दर २० मि.मी.वर १ मि.मी.ची भोकं पाडा. थर कोरडेच एकमेकांवर ठेवून चिमट्यांनी धरा आणि द्रव बारीक ब्रशने खिडक्यांच्या कडांमधून सोडा. फटीत ते आपोआप ओढलं जातं. ब्रश एकदा टेकवायचा, घासायचा नाही. मग दोन जाड काचांमध्ये दाबून २४ तास ठेवा आणि त्यानंतर आठवडाभर नुसतं उघडं राहू द्या. घाईचं काम इथेच नडतं. ॲसिटोन वापरू नका. ते शीट खाऊन टाकतं आणि कडा चिवट होतात.

बाजूंना आतून आधार हवाच. त्यासाठी वेगळं डोकं चालवायला नको, खऱ्या डब्यातच तो आहे. आयसीएफ स्लीपरमध्ये ७२ बर्थ, म्हणजे ८-८ चे ९ कप्पे. त्यांच्यामधल्या ८ भिंती १ मि.मी. शीटच्या कापून जागच्या जागी लावल्या की दर २० ते २२ मि.मी.ला एक आधार मिळतो, आणि खिडकीतून पाहणाऱ्यालाही आतलं खरं वाटतं. सगळ्या भिंती एकावर एक ठेवून, चिमटा लावून, कानशीने एकदम सारख्या करा. एक जरी ०.३ मि.मी. रुंद राहिली तरी बाहेरून तिथे फुगवटा येतो आणि रंग चकचकीत झाला की तो उठून दिसतो.

तुमचा आत्ताचा डबा वाचवता येईल. छत काढा, खिडक्यांच्या खाली आतून ३ बाय ३ मि.मी.चा पितळी कोन एपॉक्सीने लावा आणि एपॉक्सी धरेपर्यंत बाजू बाहेर ढकलून ठेवायला मध्ये लाकडी ठोकळे द्या. कोन आधी पॉलिश पेपरने खरडून घ्या, गुळगुळीत पितळेवर एपॉक्सी धरत नाही.

खिडक्या कापायची पद्धत तुम्ही लिहिलेली नाही, पण पत्रासोबतच्या फोटोत कोपरे फाटलेले दिसतात, म्हणून सांगतो. बाजू उंचीला कापण्याआधीच, शीट मोठं असताना खिडक्या कापा. प्रत्येक खिडकीच्या चारही कोपऱ्यांत आधी १ मि.मी.चं भोक पाडायचं. आयसीएफच्या खिडकीचे कोपरे गोलसरच असतात, तेव्हा भोकाची गोलाई तशीच ठेवता येते आणि सुरी कोपऱ्यापुढे घसरत नाही. मग पोलादी पट्टी लावून आधी सगळ्या आडव्या रेघा, नंतर सगळ्या उभ्या. एका रेघेवर हलक्या हाताने पाच-सहा वेळा सुरी फिरवा. एका दमात कापायला गेलात तर सुरी पाचर मारते आणि दोन खिडक्यांमधली अरुंद पट्टी बाजूला सरकते. दर तिसऱ्या-चौथ्या खिडकीला सुरीचं टोक बदला. पात्याच्या किमतीकडे पाहून बाजू वाया घालवण्यात अर्थ नाही.

आयसीएफची बाजू तळाशी किंचित आत वळते, ते विसरू नका. सपाट बाजूचा आयसीएफ डबा मालवाहू वाघिणीसारखा दिसतो. खालचा भाग २५ मि.मी.च्या पाइपवर आडवा टेकवून बँडेजने घट्ट बांधा. उकळी येऊन दोन मिनिटं शांत झालेलं पाणी त्यावर ओता आणि बांधलेलं तसंच गार होऊ द्या. उकळत्या पाण्यात बुडवलंत तर खिडक्यांच्या पट्ट्या वेड्यावाकड्या होतील. हे काम थर चिकटवण्याआधी, प्रत्येक थराचं वेगळं करायचं.

खिडक्यांच्या गजांबद्दलही बऱ्याच जणांनी विचारलं आहे. खऱ्या गजाची जाडी ८७ ने भागली की केसाएवढी उरते. ०.३ ची तार लावली तर तुरुंगाच्या खिडक्या वाटतात. पारदर्शक शीटवर सुईने आडव्या रेघा ओढा, त्यावर ॲल्युमिनियम रंग बोटाने चोळा आणि लगेच सपाट कापडाने पुसा. रेघेत रंग राहतो, वरचा निघून जातो. रेघा आतल्या बाजूला याव्यात.

प्रश्न : एलएचबीचे पाच डबे केले. सरळ रुळावर उत्तम, पण वळणावर दुसरा किंवा तिसरा डबा उतरतोच. मागे ढकलताना तर नक्की. वळणाची त्रिज्या ४३८ मि.मी. आहे. (वाचक, नागपूर)

कागदावर हिशेब केला तर कारण लगेच सापडतं. वळणावर डब्याचा मध्य आत सरकतो आणि टोकं बाहेर. टोक किती बाहेर जाईल ते असं काढा : डब्याच्या मध्यापासून टोकाच्या अंतराचा वर्ग, त्यातून मध्यापासून बोगीच्या अंतराचा वर्ग वजा, आणि आलेल्या आकड्याला त्रिज्येच्या दुपटीने भागा. एलएचबीसाठी १३५.३ चा वर्ग वजा ८५.६५ चा वर्ग, भागिले ८७६. उत्तर १२.५ मि.मी. आयसीएफला याच वळणावर ८.९ येतं.

सगळे डबे वळणावरच असतील तोवर शेजारची टोकं सारखीच बाहेर जातात, भांडण होत नाही. भांडण होतं ते सरळ रूळ संपून वळण सुरू होतं तिथे. एक टोक जागेवर, दुसरं बारा मि.मी. बाहेर. उजव्या वळणाला लगेच डावं वळण जोडलं असेल तर दोन्ही टोकं विरुद्ध दिशांना जातात आणि फरक २५ मि.मी.पर्यंत पोचतो. पेटीला घट्ट बसवलेलं कपलिंग इतकं वळूच शकत नाही. मग ते डब्यालाच बाजूला ओढतं आणि चाक रुळावर चढतं. ढकलताना तोच जोर उलटा लागतो म्हणून तेव्हा जास्त उतरतं.

खरा उपाय म्हणजे त्रिज्या वाढवा. ६०० वर टोक ९.१ मि.मी. जातं, ७५० वर ७.३. एलएचबी चालवायचा असेल तर ६०० च्या खाली जाऊ नये, आणि सरळ व वळण यांच्यामध्ये निदान एक हात लांबीचा सावकाश वळणारा तुकडा टाकावा. जागा नसेल तर कपलिंग पेटीवरून काढून, मागेपुढे आणि बाजूला सरकणाऱ्या एनईएम (युरोपातल्या ठरलेल्या मापाच्या) खोबणीवर लावा. ही खोबण वळणावर डबे थोडे लांब करते आणि सरळ रुळावर परत जवळ आणते. केडी या अमेरिकी कंपनीची एनईएम शेपटीची कपलिंगं १७ ते २० या क्रमांकांनी आखूड ते लांब अशी मिळतात. १८ पासून सुरुवात करून पाहा. उंची केडीच्या २०५ क्रमांकाच्या मापपट्टीने तपासा. कपलिंगचा मध्य रुळापासून ९.९ मि.मी. हवा. नुसती उंची चुकल्यामुळे सुटणारे डबे आम्ही मोजायचं सोडून दिलं आहे.

एलएचबीला बाजूचे बफर नसतात हे तुमचं नशीब. आयसीएफवाल्यांना एस-वळणावर एकाचा बफर दुसऱ्याच्या मागे अडकण्याचा त्रास वेगळाच.

त्रिज्या आणि कपलिंग याखेरीज तीन गोष्टी प्रत्येक डब्यात पाहा. पहिली, चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर १४.४ ते १४.५ मि.मी. हवं. आठही चाकं मोजा, ‘एक पाहिलं, बाकी तशीच असतील’ असं धरू नका. दुसरी, बोगीचे स्क्रू. दोन्ही बोगी सारख्याच सैल ठेवल्या तर डबा डुलतो, दोन्ही घट्ट ठेवल्या तर उंचसखल रुळावर एक चाक हवेत राहतं. एका बोगीचा स्क्रू पूर्ण पिळून अर्धा आटा मागे घ्या. ती वळेल, पण बाजूला कलणार नाही. दुसरीचा दीड आटा सैल सोडा, ती सगळीकडे हलू द्या. डबा मग तिवईसारखा तीन ठिकाणी टेकतो आणि रूळ जसा असेल तसा बसतो.

तिसरी गोष्ट वजन. अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वे संघटनेची एचओसाठीची शिफारस सोपी आहे : २८ ग्रॅम, अधिक दर इंच लांबीला १४ ग्रॅम. एलएचबीला त्या हिशेबाने १८० ग्रॅम, आयसीएफला १६५. रिकामा प्लास्टिक डबा यापेक्षा बराच हलका भरतो. टायरवाल्याकडे चाकं बॅलन्स करायची ५ आणि १० ग्रॅमची चिकटपट्टीची वजनं मिळतात, ती उत्तम. बोगींच्या वर, अगदी तळाला लावा. छताला नको. शिशाचे छर्रे पांढऱ्या डिंकात ओतून बसवायची युक्ती काही जण सांगतात, ती करू नका. शिसं आणि तो डिंक यांची प्रक्रिया होऊन पांढरी भुकटी फुगते आणि एक-दोन वर्षांत तळ फुटतो. छर्रेच वापरायचे असतील तर एपॉक्सीत बसवा.

बोगी विकत घेणार असाल तर युरोपातल्या ‘युरोफिमा’ डब्यांच्या एचओ बोगी शोधा. एलएचबीची फियाट बोगी त्याच घराण्यातली आहे, आसांचं अंतर तेच २,५६० मि.मी. घासपूस न करता बसते.

प्रश्न : पावसाळ्यात रंगवलेला डबा पांढरट, धुरकट झाला. निळ्या पट्ट्याची कडही फुटली. (वाचक, मडगाव)

किनारपट्टीवर जून ते सप्टेंबर लॅकर जातीचा रंग मारूच नये. थिनर झपाट्याने उडतं, पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ ओल्या रंगावर बसते. तोच हा पांढरटपणा. फार खोल गेला नसेल तर कोरड्या दिवशी वरून नुसत्या सावकाश उडणाऱ्या थिनरचा अगदी पातळ फवारा द्या, रंग पुन्हा मऊ होऊन वाफ निघून जाते. घाई असेल तर पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग वापरा. गाड्यांच्या दुकानातलं एनसी थिनर उघड्या पॉलिस्टायरिनवर पडलं तर बारीक भेगांचं जाळं येतं. तेव्हा प्राइमरचे आधी दोन सुके, लांबून मारलेले हात द्यावेत.

क्रम असा. भांड्याच्या साबणाने डबा धुवा आणि पुढे बोट लावू नका. राखाडी प्राइमर, मग १००० नंबरचा वॉटर पेपर. निळ्या आयसीएफसाठी आधी फिकट निळा खिडक्यांच्या पट्ट्यावर मारा, २४ तास वाळू द्या, पट्ट्यावर मास्किंग टेप लावा. आता खरी युक्ती : टेपच्या कडेवर पुन्हा तोच फिकट निळा एकदा फिरवा. टेपखाली जे काही झिरपायचं ते फिकट निळंच झिरपतं आणि फट बुजते. मग गडद निळा. तो पूर्ण वाळण्याआधीच टेप स्वतःवर दुमडून, सावकाश ओढून काढा. कड सुरीने कापल्यासारखी येते.

अक्षरं डेकलनेच, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील पापुद्र्यानेच करा. पण साधा लेझर प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, तेव्हा पांढरे आकडे छापणाऱ्याकडून करून घ्यावे लागतात. डेकल चकचकीत थरावर लावायचं, मॅट थर सगळ्यात शेवटी. उलट केलंत तर डेकलखाली हवा राहून चंदेरी डाग दिसतात.

आकडे मनाने घालू नका. पाच आकडी क्रमांकात पहिले दोन बांधणीचं वर्ष सांगतात आणि शेवटचे तीन डब्याचा प्रकार. २०१ ते ४०० स्लीपर, १०१ ते १५० थ्री टियर एसी, ४०१ ते ६०० जनरल. म्हणजे ०५२१३ हा २००५ सालचा स्लीपर. स्लीपरवर ०५४५२ लिहिलेलं मॉडेल अनेक प्रदर्शनांत दिसतं, आणि जाणकार नेमके तेच टिपतात.

प्रश्न : डब्यात एलईडी पट्टी लावली. सांध्यांवर लुकलुकते, आणि उजेड लग्नाच्या मांडवासारखा. (वाचक, सांगली)

१२ व्होल्टची, मीटरला ६० एलईडींची पट्टी दर ५० मि.मी.ला कापता येते. आयसीएफला चार तुकडे पुरतात. डीसीसी (डिजिटल नियंत्रणाच्या) रुळावरून आलेली वीज ब्रिज रेक्टिफायरमधून घ्या, पट्टीला १ किलोओहमचा रेझिस्टर जोडा. प्रवाह सुमारे ४ मिलिअँपवर येतो आणि उजेड खऱ्या डब्यासारखा मंद होतो. लुकलुकण्यासाठी ४७० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर ब्रिजच्या पुढे. इतक्या कमी प्रवाहात तो साधारण अर्धा सेकंद तग धरतो, घाणेरड्या सांध्याला तेवढं खूप. कपॅसिटरच्या वाटेत १०० ओहमचा रेझिस्टर घाला, नाहीतर पाचही डबे एकदम चार्ज होताना कंट्रोलरला शॉर्ट झाल्यासारखं वाटून तो बंद पडतो. या रेझिस्टरला समांतर एक डायोड लावा, म्हणजे परत येणारी वीज अडत नाही. कपॅसिटरची उलटसुलट टोकं तपासूनच डाखा.

तो ठेवायचा कुठे? शौचालयात. तिथली काच दुधी असते, बाहेरून काही दिसत नाही.

साध्या डीसी कंट्रोलरवर मात्र गाडी थांबली की दिवे जाणार. तीन एलईडी एका ओळीत असल्याने आठ-साडेआठ व्होल्टखाली ते पेटतच नाहीत. जोडणी बिघडलेली नाही. वीज घेताना एका बोगीने डावा रूळ आणि दुसरीने उजवा घ्यावा, चाकाला टेकणाऱ्या फॉस्फर ब्राँझच्या पट्ट्या अगदी हलक्या ठेवाव्यात. पट्टीने चाक फिरेनासं झालं तर उजेड आला पण गाडी गेली, असं होईल.

प्रश्न : बाजू लेझरने कापून घेऊ की थ्रीडी प्रिंट करू? (वाचक, पुणे)

लेझरला ॲक्रिलिक छान, पॉलिस्टायरिनच्या कडा वितळून गोळा होतात. सनबोर्ड लेझरखाली कधीच घालू नका, तो पीव्हीसी असतो. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, फुप्फुसांनाही वाईट आणि मशीनलाही. दुकानदार ‘चालतं हो’ म्हणाला तरी नको. प्रिंटसाठी २२० बाय २२० च्या मशीनवर २४५ ची बाजू तिरकी झोपवली की मावते. रेझिनची लांब बाजू पुढे वाकते, तेव्हा रेझिन बोगीच्या चौकटी, हवापंखे, बफर यांच्यासाठी राखून ठेवा.

प्रश्न : माथेरानच्या गाडीचे डबे १:८७ मध्ये ९ मि.मी.च्या रुळावर चालतील? (वाचक, कर्जत)

चालतील, पण रूळ जरा रुंद दिसेल. ६१० मि.मी.चं गेज १:८७ मध्ये ७ मि.मी. होतं. ९ च्या रुळाला १:६८ बरोबर बसतं, पण त्या मापात तयार माणसं, झाडं, दिवे काही मिळत नाही. १:७६ घ्या. फरक खपून जातो आणि आजूबाजूचा सगळा माल बाजारात आहे.

प्रश्न : १९३० सालची डेक्कन क्वीन करायची आहे. रंग कोणता? (वाचक, पुणे)

दोन रंग, कारण गाड्याच दोन होत्या. १ जून १९३० ला जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने मुंबई आणि पुण्यामध्ये ही गाडी सुरू केली तेव्हा सात-सात डब्यांचे दोन संच होते : एक चंदेरी, त्यावर लालभडक पट्ट्या, दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेघा. खालचे सांगाडे इंग्लंडहून आले, पेट्या माटुंग्याच्या कारखान्यात बांधल्या. त्यामुळे तयार ब्रिटिश डबा रंगवून भागणार नाही, पेटी नव्यानेच करावी लागेल. बाजूने घेतलेला एक जरी स्पष्ट जुना फोटो मिळाला तरी त्यावर मोजपट्टी मांडता येते, पण कॅमेऱ्याच्या समोरची बोगी धरून माप काढा. दूरच्या टोकाची बोगी फोटोत आखूड दिसते आणि तिच्यावरून काढलेली पेटी दोन खिडक्यांनी लांब येते. चंदेरी संच करणार असाल तर खाली काळा चकचकीत थर देऊन त्यावर चंदेरी पातळ फवारा. राखाडी प्राइमरवर मारलेला चंदेरी नव्या पत्र्याच्या डब्यासारखा नाही, धुळीसारखा दिसतो.